वीज गेली की उलटं येणारं पाणी

समुद्री मासे पाळणारी माणसं एकत्र आली की बोलणं प्रकाशाचं, क्षारांचं, माशांच्या आजारांचं होतं. पाइपांचा विषय निघतो तो पाणी लादीवर आल्यानंतर, आणि मग चर्चा हटकून वीतभर लांबीच्या एका वस्तूपाशी येते. प्लंबर तिला एनआरव्ही म्हणतात, दुकानात ती चेक वॉल्व्ह किंवा नॉन-रिटर्न वॉल्व्ह या नावानं मिळते. पाण्याला पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती टाकीला लावावी की लावू नये यावर पाळणाऱ्यांत सरळ दोन तट आहेत. एका तटाला तिच्याशिवाय रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या तटाचा अनुभव असा की जिथे तिच्यावर भरवसा ठेवला तिथेच पाणी सांडलं. मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. झडप असो वा नसो, टाकीची मांडणी ती नाहीच असं धरून करावी. त्यानंतर ती लावावीशी वाटली तर जरूर लावावी, पण तिची निगा टाकीतल्या फिल्टरइतकीच नेमानं राखावी. असं का म्हणतो ते सांगायचं तर पाण्याच्या वाटेपासून सुरुवात करायला हवी.

खाऱ्या पाण्याच्या बहुतेक मोठ्या टाक्यांना खाली कपाटात दुसरी टाकी असते, तिला सगळे सम्प म्हणतात. वरच्या टाकीच्या कडेला ओव्हरफ्लोचा कप्पा असतो. त्याच्या दातेरी कंगव्यावरून पाणी आत पडतं आणि पाइपानं खाली सम्पमध्ये येतं. तिथे प्रोटीन स्किमर, हीटर, गाळणी अशी सगळी यंत्रणा बसवलेली असते. शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते पाणी पुन्हा वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो, पण वर चढवणारा पाइप पाण्यानं भरलेलाच असतो आणि त्याचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली बुडालेलं असतं. झाला सायफन तयार. तोंडाशी हवा शिरेपर्यंत वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येत राहतं.

किती पाणी येईल याचा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो, तरी तो फार थोडे लोक आधी करतात. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद टाकी म्हणजे साधारण १२० बाय ६० सेंटिमीटर. तिच्यातला एक सेंटिमीटर उंचीचा थर ७.२ लिटर भरतो. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाखाली ५ सेंटिमीटर असेल तर ३६ लिटर पाणी खाली येणार. प्रवाह खोलवर जावा म्हणून तेच तोंड १५ सेंटिमीटर खाली नेलं असेल तर १०८ लिटर. इतकी रिकामी जागा सामान्य सम्पमध्ये नसते. जास्तीचं पाणी कपाटाच्या तळावर, तिथून लादीवर आणि वाटेत एक्स्टेंशन बोर्ड असेल तर त्याच्यावर जातं. बोर्ड जमिनीवर ठेवू नये, उंच भिंतीला लावावा, प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्यावा म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, आणि त्या जोडणीला विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. ही गोष्ट पाइपांच्या लेखात का, असं कुणी विचारू नये. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं.

झडप समर्थकांच्या नजरेतून एक गोष्ट बहुधा सुटते. वीज गेल्यावर पाणी दोन वाटांनी खाली येतं आणि झडप त्यांतली एकच अडवते. पंप चालू असताना कंगव्याच्या कडेवर पाण्याचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जाड थर वाहत असतो. पंप थांबला की तो थर ओव्हरफ्लोमधून खाली उतरतोच, शिवाय त्या कप्प्यातलं आणि निचऱ्याच्या पाइपातलं पाणीही उतरतं. वर घेतलेल्या मापाच्या टाकीत हेच १०-१५ लिटरच्या घरात जातं. म्हणजे झडप नवीकोरी आणि घट्ट बसणारी असली तरी सम्पमध्ये रिकामी जागा ठेवावीच लागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण ती वेळेशी निगडित आहे. झडप पूर्ण उघडी राहून निकामी होते असं क्वचितच घडतं. सहसा ती जरा गळते. मिनिटाला १०० मिलिलिटर म्हणजे अर्धा कप पाणी. हाताला लागतही नाही अशी ही गळती. तासाला ती ६ लिटर होते आणि सहा तासांत ३६ लिटर, म्हणजे झडप नसताना जेवढं पाणी पाचेक मिनिटांत आलं असतं तेवढंच. वीज अर्ध्या तासात येत असेल तर गळकी झडपही टाकी वाचवते आणि मालकाचा तिच्यावरचा विश्वास वाढत जातो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई आणि आसपासचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला आणि अनेक भागांत तो काही तास आला नाही. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. गावाकडे भारनियमन तर अंगवळणीच पडलेलं. इतक्या वेळात गळकी झडप आणि झडप नसणं यांत फरक उरत नाही. झडप पाणी यायला उशीर लावते. जागा मात्र सम्पच देतो.

झडप का गळते, याचं उत्तर दाबात आणि जीवशास्त्रात आहे. आधी दाब. इमारतीच्या पंपावर बसवलेल्या एनआरव्हीवर वीस मीटर उंचीच्या पाण्याचा भार असतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलो. त्या भारानं रबर बैठकीवर इतकं दाबलं जातं की बारीक कचराही चिरडला जातो. आपल्या टाकीत झडपेवरचं पाणी एक-दीड मीटर. भार विसाव्या हिश्शापेक्षा किंचित जास्त. एवढ्यानं रबर बैठकीला जेमतेम टेकतं आणि मधे वाळूचा एक कण आला तरी फट राहते. विहिरीवर मोटर चालवणाऱ्या शेतकऱ्याला ही वागणूक ठाऊक असते. फूटवॉल्व्हमध्ये काडी अडकली की पाइप रिकामा होतो, मोटर पाणी सोडते आणि पुन्हा पाणी भरत बसावं लागतं. त्याला हे लगेच कळतं, कारण मोटर पाणी उचलत नाही. मत्स्यालयात पंप पाण्यातच असतो, तो पुन्हा सुरळीत चालू होतो आणि गळती कुणालाच कळत नाही.

जीवशास्त्राची बाजू समुद्राच्या पाण्यालाच लागू आहे, गोड्या पाण्याच्या टाकीत हा त्रास त्या मानानं नगण्य. प्रवाळांसाठी राखलेल्या पाण्यात लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं आणि क्षारताही मुद्दाम चढती ठेवतात. अशा पाण्यात जांभळट गुलाबी कोरलाइन शेवाळ चुनखडीचा कडक थर धरतं. ते काचेवर धरतं तसंच पारदर्शक झडपेच्या आतही धरतं, कारण त्याला थोडासा उजेड पुरतो. उजेड नसेल तिथे स्पंज वाढतात, आणि पांढऱ्या वळ्यांच्या कवचात राहणारे इवलेसे स्पायरॉर्बिस कृमी, नळी करून चिकटून राहणारे व्हर्मेटिड गोगलगायींचे प्रकार. या सगळ्या प्राण्यांना एकच गोष्ट हवी असते: अन्नकण घेऊन सतत वाहणारं पाणी. पाइपाइतकी त्यांच्या सोयीची जागा दुसरी नाही. त्यातच काही जण चुन्याचं पाणी म्हणजे काल्कवासर रिटर्नच्या कप्प्यात सोडतात. तिथे कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि पंपाच्या रोटरवर, झडपेच्या बिजागरीवर पांढरी पुटं चढतात.

मोठ्या मत्स्यालयांना याचाच मोठा अवतार सोसावा लागतो. समुद्रातून थेट पाणी घेणाऱ्या पाइपात कालवं, शिणाणे, बार्नॅकल यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं आत येतात, भिंतीला चिकटतात आणि बघता बघता पाइपाचं भोक लहान करतात. त्यावर एक जुना, मला फार आवडणारा उपाय आहे. पाणी घेणाऱ्या दोन समांतर लाइन टाकायच्या आणि आलटून पालटून एक बंद ठेवायची. बंद लाइनमधला प्राणवायू काही दिवसांत संपतो आणि आतले जीव गुदमरून मरतात. रसायन लागत नाही. मात्र ती लाइन पुन्हा चालू करताना आतलं साचलेलं, सडक्या अंड्याचा वास मारणारं पाणी आधी बाहेर सोडून द्यावं लागतं. घरच्या टाकीतही हाच धोका आहे. पाइपाची एखादी शाखा वॉल्व्ह बंद करून महिनोन्महिने ठेवली आणि एक दिवस उघडली, तर त्यातला हायड्रोजन सल्फाइड थेट माशांपर्यंत पोचतो.

आता झडपांचे प्रकार. फ्लॅप किंवा स्विंग झडपेत बिजागरीवर टांगलेली पाकळी असते. पाण्यानं ती उघडते, पाणी थांबलं की स्वतःच्या वजनानं आणि मागच्या दाबानं मिटते. प्रवाहाला ती कमी अडथळा करते, म्हणून घरच्या टाकीला हीच योग्य. ती आडवी किंवा पाणी वर चढत असेल अशा उभ्या पाइपात बसवायची. पाणी खाली उतरणाऱ्या पाइपात पाकळी उघडीच लोंबते. स्प्रिंगची झडप कुठल्याही दिशेला बसते, पण उघडायलाच थोडा दाब खाते आणि छोट्या पंपाचा प्रवाह त्यात घटतो. शिवाय स्प्रिंग पोलादाची असते. स्टेनलेस म्हटलं तरी समुद्राच्या पाण्यात, विशेषतः बारीक फटीत, त्यावर खड्डे पडून गंज धरतो. चेंडूची झडप साधी आणि टिकाऊ, फक्त बैठक स्वच्छ हवी. बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप कचऱ्याला सगळ्यांत कमी दाद देते, तिला बिजागरी नाही, पण रबर कडक झालं की चोच पूर्ण मिटत नाही. यांतल्या कुठल्याही प्रकाराच्या जाहिरातीत कायमची हमी दिसली तर ती गोड्या पाण्यापुरती समजावी.

पितळेच्या झडपेबद्दल मात्र एकच वाक्य पुरे नाही. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही गावच्या हार्डवेअरच्या दुकानात एनआरव्ही मागितला की पुढ्यात बहुधा पितळी किंवा गनमेटलचा येतो. तो सुरेख दिसतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि खाऱ्या पाण्यात हळूहळू तांबं सोडतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावर तांब्याचं औषध देतात त्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि तेवढ्यात कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ, समुद्रफुलं मरतात. प्लंबर घरच्या पाण्याचा विचार करून भाग सुचवतो, त्याची चूक नाही. त्याला आधी सांगावं: पाण्याला धातू लागता कामा नये.

ही शिकवण पाऊणशे-शंभर वर्षांची नव्हे, त्याहून जुनी आहे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं पहिलं सार्वजनिक दालन उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकानं इंग्लंडात समुद्री टाक्यांचं वेड पसरवलं. ते ओसरलं तेही वेगानं, कारण बहुतेकांच्या टाक्यांतलं पाणी काही आठवड्यांत नासत असे. विल्यम आल्फर्ड लॉइड या माणसानं त्यावर फिरत्या पाण्याचा तोडगा बसवला: वर दाखवायच्या टाक्या, खाली अंधारा मोठा हौद आणि दोघांमध्ये अखंड चालणारा पंप. खालच्या हौदात वरच्या टाक्यांच्या कित्येक पट पाणी. १८७१ मध्ये उघडलेलं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय त्यानं असं उभारलं, आणि पंप-पाइपांसाठी व्हल्कनाइट म्हणजे कडक केलेलं रबर वापरलं, कारण धातू टिकत नव्हता आणि प्राणी टिकू देत नव्हता. आंटोन डोर्न यांच्या नेपल्सच्या प्राणिशास्त्र केंद्राचं मत्स्यालय १८७४ मध्ये सुरू झालं, त्यालाही लॉइडचा सल्ला होता. आजच्या घरगुती सम्पमध्ये त्याची कल्पना जशीच्या तशी आहे, फक्त प्रमाण उलटं झालं: आपण वरची टाकी मोठी केली आणि हौद कपाटात मावेल एवढा. उलट्या पाण्याचा सगळा प्रश्न या उलट्या प्रमाणातून आला आहे.

व्हल्कनाइटची जागा आता यूपीव्हीसीनं घेतली आहे. ते घेताना पिण्याच्या पाण्यासाठीचा, आयएस ४९८५ छापलेला पाइप घ्यावा. पूर्वी पीव्हीसी टिकाऊ करायला शिशाची संयुगं घालत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पाइप आणि फिटिंगमधल्या शिशावर मर्यादा घातल्या. पडून राहिलेला जुना माल मत्स्यालयात नको. सोल्यूशननं जोडलेले सांधे एक दिवस वाळू द्यावेत आणि पाणी एकदा फिरवून टाकून द्यावं.

झडपेला पर्याय म्हणून सगळ्यांत जास्त सांगितली जाते ती सायफन तोडणाऱ्या भोकाची युक्ती. रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरासं खाली सहा-आठ मिलिमीटरचं भोक पाडायचं. पातळी तेवढी उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. विनाखर्च, हलणारा भाग नाही. पण भोक उजेडात असतं, त्यामुळे शेवाळ सगळ्यांत आधी तिथे वाढतं, आणि एखादी टर्बो गोगलगाय नेमकी त्यावर येऊन बसते. एकाऐवजी दोन भोकं पाडावीत, काच पुसायच्या दिवशी त्यांत काडी फिरवावी. याहून बरा उपाय म्हणजे रिटर्नचं तोंडच पृष्ठभागाजवळ ठेवणं. खोलवर प्रवाह हवा असेल तर त्यासाठी टाकीत वेगळे वेव्हमेकर असतात, ते काम रिटर्नकडून घेऊ नये. एवढ्या एका बदलानं बहुतेक घरांतला झडपेचा वाद निकालात निघतो.

तरीही काही ठिकाणी झडप लागतेच, आणि दुसऱ्या तटानं हे मान्य करायला हवं. दोन पंप एकाच पाइपात पाणी सोडत असतील तर एक बंद पडल्यावर दुसऱ्याचं पाणी त्या बंद पंपातून उलटं सम्पमध्ये जातं, वर काहीच चढत नाही. तिथे प्रत्येक पंपाला झडप हवी, आणि तिथे ती नेमानं तपासली जायला हवी. मोठ्या मत्स्यालयांत राखीव पंप असतोच, त्यामुळे हा प्रश्न रोजचा. मासेविक्रेत्यांच्या दुकानातल्या मांडणीवर एका सम्पवर वीस-तीस टाक्या असतात आणि उंच पाइपांत बरंच पाणी साठलेलं असतं, तिथेही झडपेचा उपयोग होतो. आणि जुन्या टाकीला सम्प मोठा करणं शक्यच नसेल, तर झडप आणि भोक दोन्ही ठेवून पाण्याची पातळी उतरती ठेवणं हा प्रामाणिक तडजोडीचा मार्ग.

निगा मुळात बसवण्यातच ठरते. झडपेच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे हातानं उघडता येणारे जोड, हवेत. चिकटवून टाकलेली झडप कुणी कधी साफ करत नाही. ती पंपाच्या वर, सम्पच्या तोंडावर यावी, म्हणजे उघडताना सांडणारं पाणी सम्पमध्येच पडतं. एल्बोला लागून बसवली तर पाण्याच्या भोवऱ्यात पाकळी फडफडते आणि बिजागरी झिजते. मधे थोडा सरळ पाइप असावा. बाणाची दिशा बघावी. अंगावर बाण असूनही ती उलटी बसवली जाते, आणि मग पंपातच दोष शोधत दिवस जातो.

साफ करताना आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पाइपातलं पाणी उतरू द्यायचं, युनियन हातानं सैल करायचे. पाकळी, बैठक आणि बिजागरी सुटी करून व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात काही तास ठेवायची. वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवूनही तेच काम होतं. चुनखडी बुडबुडे काढत सुटते. मग मऊ ब्रश. बैठकीवर पातं किंवा स्क्रू-ड्रायव्हर चालवू नये, त्या ओरखड्यातून पुढे कायमची गळती लागते. ओ-रिंग चपटी किंवा भेगाळलेली दिसली तर बदलावी, आणि तिला फक्त सिलिकॉन ग्रीस लावावं. व्हॅसलीनसारख्या खनिज तेलाच्या पदार्थानं रबर फुगतं. स्वच्छ धुऊन परत बसवताना युनियन हातानंच आवळावेत, पान्यानं नाही. जंतू मारण्यासाठी कुणी ब्लीच वापरत असेल तर ते व्हिनेगरच्या जवळपासही नको, दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरिन वायू निघतो. माझ्या मते कोरलाइन भरपूर असलेल्या टाकीत दर तीन महिन्यांनी एवढं करावं आणि रबरी भाग दोन वर्षांच्या आत बदलावेत, खराब दिसोत वा न दिसोत.

साफसफाईच्या मधल्या काळात चाचणी. महिन्यातून एकदा पंप बंद करायचा, पाणी स्थिरावलं की सम्पच्या काचेवर मार्करनं रेघ मारायची आणि तासाभरानं पाहायचं. पाणी रेघेवर गेलं तर झडप गळते. पण या चाचणीच्या आधी, टाकी लावतानाच, एक मोठी चाचणी करावी: झडपेतली पाकळी काढून ठेवायची, पंप नेहमीप्रमाणे चालवायचा आणि प्लग ओढायचा. सम्पमध्ये जे पाणी येईल ते सगळ्यांत वाईट दिवसाचं पाणी. ते कडेच्या आत राहिलं तर सम्पमध्ये चालू अवस्थेत पाणी कुठपर्यंत असावं ती रेघ तिथेच ठरते, आणि ती रेघ नंतर कधीही ओलांडायची नाही. खालून वर जाणाऱ्या बाजूचीही अशीच परीक्षा आहे. निचऱ्याचा पाइप गोगलगायीनं बुजला तर पंप रिटर्नच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर चढवणार. ते वरच्या टाकीत मावायला हवं. याच कारणानं निचऱ्याच्या हर्बी नावाच्या पद्धतीत दोन आणि बीनॲनिमल पद्धतीत तीन निचरे असतात, त्यांतला एक केवळ संकटासाठी राखलेला, आणि सायफनच्या मुख्य पाइपाला बॉल वॉल्व्हऐवजी गेट वॉल्व्ह, कारण त्यानं प्रवाह केसाइतका कमीजास्त करता येतो.

राहिल्या त्या बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या झडपा, ज्यांची कुणी आठवणही ठेवत नाही. ओझोन यंत्राच्या नळीत, कॅल्शियम रिॲक्टरच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळीत, आरओ यंत्रात आणि हवेच्या पंपावर त्या असतात. आतली रबरी चकती वर्ष-दोन वर्षांत कडक होते. ओझोन तर रबर खातोच, म्हणून त्या नळीतली झडप ओझोन सोसणाऱ्या पदार्थाची घ्यावी. या झडपा स्वस्त आहेत, साफ करत बसण्यापेक्षा बदलाव्यात. वीज गेल्यावर माशांना प्राणवायू मिळावा म्हणून काही जण समुद्री टाकीला बॅटरीचा हवेचा पंप लावतात, आणि तो कधी कधी खाली कपाटात ठेवतात. त्याच्या नळीतून टाकीचं पाणी सायफन होऊन पंपात आणि बॅटरीत शिरू शकतं. तो पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, भिंतीवरच्या फळीवर ठेवला, तर तिथे झडपेची गरजच पडत नाही.